पिन नको, गट नंबर द्या: प्लॉट घेण्याआधी जमीन वाचायची कशी

महिन्यातून एकदा तरी असा मेसेज येतोच. ‘दादा, लोकेशन पाठवलंय. दोन गुंठे आहेत, बघ ना जरा.’ सोबत नकाशावरची पिन आणि ड्रोनने काढलेला व्हिडिओ: हिरवळीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा, लांबवर डोंगर, मागे सनई. पाठवणारा कधी मावसभाऊ असतो, कधी बायकोच्या ऑफिसातलं कुणी. नगररचनेचं काम करत असल्याचा हा प्रसाद. माझं उत्तर ठरलेलं आहे: पिन नको, गट नंबर पाठव. गाव, तालुका आणि गट नंबर.

पिन कुठेही टोचता येते. एजंटाने ती मुद्दाम शेजारच्या डांबरी रस्त्यावर टोचली असेल, तर तुम्हाला कळायला मार्ग नाही. गट नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा सरकारी क्रमांक, मात्र दप्तरात बसलेला असतो. तो सांगायला समोरचा टाळाटाळ करत असेल (‘आधी साइट तर बघा साहेब’), तर तुमचा रविवार वाचला असं समजा.

एकदा गट नंबर हातात आला की पुढचं बरंच काम घरी बसून, फारसा खर्च न करता होतं. पुण्याच्या आसपास, म्हणजे हवेली, मुळशी, खेड, पुरंदर या पट्ट्यात, पहिल्यांदाच प्लॉट घेणारा माणूस डोळ्यासमोर ठेवून मी हे लिहितो आहे. बाकी महाराष्ट्रातही क्रम हाच. मुंबईचं गणित वेगळं, तिथली नियमावलीसुद्धा वेगळी.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. कुठलाही नकाशा किंवा उतारा उघडला की विचारा: हा कुणी केला, कशासाठी केला, आणि किती बारीक केला? खाली प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न परत येईल.

सातबारा: महसुलाचा कागद महसुलाच्या नजरेने

महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट दिसतो. तो फक्त माहितीसाठी. बँकेत किंवा वकिलाकडे द्यायला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. तो १५ रुपयांत मिळतो, तोच काढा. एजंटाने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका, कारण तो उतारा खरा असला तरी दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो.

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने एकत्र आले म्हणून सातबारा. वरच्या भागात हक्क, खालच्या भागात पिकं. शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी शंभर टक्के सिद्ध झाली, असं होत नाही. चुकीची ठरत नाही तोवर नोंद खरी धरतात, एवढंच. मालकीची साखळी खरेदीखतांवरून आणि फेरफारांवरून (हक्क बदलल्याच्या नोंदींवरून) वकील जुळवतो, ते काम त्याच्यावर सोडा. तुम्ही चार जागा बघा.

पहिली, भोगवटादार वर्ग. ‘वर्ग २’ असेल तर विकायला सरकारची परवानगी लागते. दुसरी, ‘इतर अधिकार’ हा रकाना. बँकेचा बोजा, कुळ, वारसांचे दावे, पुनर्वसनाचे शेरे, सगळं तिथे लपून बसतं. लोक नाव वाचून खूश होतात आणि हा रकाना वाचतच नाहीत. तिसरी, क्षेत्र आणि नावांची संख्या. ४० आर (एक आर म्हणजे जवळपास गुंठाभर) जमिनीवर तीस नावं दिसली की ओळखा, इथे तुकडे ‘सामाईकात’ विकले गेले आहेत. तुमचे दोन गुंठे नेमके कुठले, हे त्या उताऱ्यावरून कधीच कळणार नाही. तुकडेबंदीचा मूळ कायदा १९४७ चा. त्यातल्या तरतुदी बदलत आल्या आहेत. म्हणून ‘आता सगळं नियमित होतं हो’ हे वाक्य कानावर आलं की त्या दिवशीचा लागू नियम कागदावर मागा.

चौथी जागा म्हणजे पोटखराबा. याकडे नवखे बघतच नाहीत. लागवडीला अयोग्य जमीन म्हणजे पोटखराबा. त्यातला ‘अ’ वर्ग खडकाळ वगैरे असतो. ‘ब’ वर्गात रस्ता, ओढा, पाणी अशा सार्वजनिक वापराखालचं क्षेत्र येतं. समोर सपाट हिरवळ दाखवतात आणि सातबाऱ्यावर पोटखराबा ‘ब’ चांगला चार-पाच आर आहे? मग ते पाणी किंवा तो रस्ता गेला कुठे? हा प्रश्न खिशात ठेवा, पुढे कामाला येईल.

‘आपली चावडी’ या सुविधेत गावातले सध्या चालू असलेले फेरफार आणि त्यांच्या नोटिसा दिसतात. तुमचा गट त्यात निघाला, तर व्यवहार थांबवा आणि फेरफार कसला आहे ते आधी बघा.

भूनकाशा आणि तो उपग्रहाच्या चित्रावर बसवण्याची भानगड

महाभूनकाशावर गट नंबर टाकला की गटाचा आकार दिसतो. आजूबाजूचे गट, शिव (गावाची हद्द), रस्ते, ओढे. आधी हे बघा की गटाला रस्ता लागतो का. नकाशावर रस्ता नसेल आणि जागेवर मात्र मुरूम टाकलेला रुंद रस्ता असेल, तर तो कुणाच्या तरी शेतातून गेलेला आहे. ते शेत विकणाऱ्याचंच आहे का? नसेल, तर उद्या शेजाऱ्याने चर खणला की तुमचा बंगला बेटावर.

आता तंत्रज्ञानाची पहिली ठेच. हल्ली कुठलंसं ॲप गटाच्या रेषा थेट उपग्रहाच्या चित्रावर दाखवतं. लोक त्या रेषेवर बोट ठेवून सांगतात, ‘हे बघा, विहीर आपल्या हद्दीत येतेय.’ जरा थांबा. गावनकाशे शंकू-साखळीने, नंतर गटवारीच्या वेळी मोजणीच्या फळ्यावर (प्लेन टेबलवर) काढलेले. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. माणसांनी उन्हात साखळी ओढत केलेलं हे काम आहे, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण तो कागद शंभर वेळा घडी पडून, मग स्कॅन होऊन, मग पृथ्वीच्या अक्षांश-रेखांशांवर ताणून बसवलेला आहे. रेषा काही मीटर इकडेतिकडे सरकणारच. कुठे कमी, कुठे जास्त.

ही जुळवणी स्वतः करून बघितली की भ्रम जातो. क्यूजीआयएस नावाचं संगणक-साधन फुकट आहे. लॅपटॉप साधा असला तरी चालतं. त्यात गावनकाशाचं चित्र घ्या आणि उपग्रहाच्या चित्रावरचे सहा-आठ ओळखीचे बिंदू त्याच्याशी जोडा. बिंदू निवडताना जुनं देऊळ, बांधीव विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा किंवा जुना पूल घ्या. झाड, नदीचा काठ, नवा रस्ता घेऊ नका, ते हलतात. सगळे बिंदू एका कोपऱ्यात नकोत, चारही बाजूंना पसरलेले हवेत. जुळवणी झाली की प्रत्येक बिंदूची चूक किती मीटर राहिली ते साधन स्वतःच दाखवतं. ती आठ मीटर आली, तर समजा की या नकाशावरून शेजार कळेल, कुंपण कळणार नाही.

मोबाइलच्या जीपीएसचंही तेच. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो, झाडीत किंवा इमारतींमध्ये त्याहून वाईट. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. दोन गुंठ्यांचा प्लॉट साधारण ४० बाय ५४ फुटांचा. हातात फोन धरून हद्द चालत फिरणारा माणूस तुमच्या रुंदीच्या निम्म्याला थोडंच कमी एवढ्या अंतराने चुकू शकतो, आणि तेही अगदी आत्मविश्वासाने.

झोन: व्हॉट्सॲपवरचा रंगीत नकाशा बंद करा

पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती, एवढं सगळ्यांना माहीत असतं. म्हणून विकासयोजनेच्या, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी योजनेच्या, नकाशाचा एक तुकडा कापून, त्यावर बाण काढून फिरवला जातो. त्या तुकड्यावर विचारायचे प्रश्न तीन: ही योजना प्रारूप की मंजूर? तारीख काय? आणि कडेची पट्टी, म्हणजे खुणांची सूची आणि शिक्का, का कापली?

प्रारूप आणि मंजूर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार आधी प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती येतात, सुनावणी होते, मग शासन मंजूर करतं. काही भाग वगळून उरलेला मंजूर करण्याचेही प्रकार होतात. या वाटेवर कितीतरी पिवळं हिरवं होतं आणि हिरवं पिवळं. तुम्ही घ्यायचा तो कागद म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा, महापालिकेतून, पीएमआरडीएतून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणातून) किंवा नगररचना विभागाच्या कार्यालयातून, गट नंबर देऊन काढलेला. त्यावर आरक्षण, प्रस्तावित रस्ता, डोंगरमाथा-डोंगरउतार हे सगळं लिहून येतं.

‘एनए प्रस्तावित’, ‘आर झोनलगत’, ‘फ्युचर डीपी रोड टच’ (एनए म्हणजे बिगरशेती, आर म्हणजे रहिवास, डीपी म्हणजे विकासयोजना) या शब्दांना कायद्यात काही किंमत नाही. ‘लगत’ म्हणजे ‘आत नाही’, एवढा अर्थ लावून पुढे जा.

बांधकामाचे नियम डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभर एकाच नियमावलीत आले. लोक तिला युडीसीपीआर म्हणतात. ती जाडजूड आहे, वरचेवर दुरुस्त होते. आजकाल लोक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटला विचारतात, ‘माझ्या प्लॉटवर किती मजले?’ विचारा, मीही विचारतो. पण ते मशीन जुना नियम नव्याच्या सुरात सांगतं, आणि कधी तर नसलेलं कलम क्रमांकासकट रचतं. कलमाचा क्रमांक घ्या, नियमावलीची अद्ययावत पीडीएफ उघडा आणि तो परिच्छेद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नाही सापडला तर उत्तर रद्द. आणखी एक, सातबारा, आधार, खरेदीखत असले कागद दिसेल त्या ॲपमध्ये चढवत बसू नका. फुकट ॲपला तुमच्या कागदांत रस का असावा, याचा विचार करा.

पाणी: इथे घाई करू नका

सातबारा वकील तपासेल, झोन कार्यालय सांगेल. पाण्याबद्दल मात्र तुम्हाला कुणी काही सांगणार नाही, आणि विकणाऱ्याने तर प्लॉट मार्चमध्येच दाखवायला ठेवलेला असतो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो.

पुण्याला पूर नवीन नाही. १२ जुलै १९६१ चं पानशेत सगळ्यांच्या घरात सांगितलं जातं. पण अलीकडचे दोन पूर जास्त शिकवून जातात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसं दगावली. तो ओढा. वर्षातले दहा महिने बारीक धार असणारा. आणि २५ जुलै २०२४ ला मुठेच्या काठावर, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं. एकीकडे अंगावर आलेला ढगफुटीसारखा पाऊस, दुसरीकडे धरणातून सोडलेलं पाणी. दोन्हींचा अभ्यास वेगळा करावा लागतो.

नदीसाठी पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये निर्बंध. ‘शंभर वर्षांत एकदा’ याचा अर्थ ‘२०२४ ला येऊन गेला, आता २१२४’ असा लावू नका. कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षं त्या घरात राहायचं असेल, तर तेवढ्या काळात निदान एकदा तो पूर बघण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त. गृहकर्ज वीस वर्षांचं असतं, हेही लक्षात घ्या.

पण लहान ओढ्या-नाल्यांना बहुतेक ठिकाणी पूररेषाच आखलेल्या नसतात. नकाशावर रेषा नाही म्हणजे पाणी नाही, हा समज आंबिल ओढ्याने मोडला. तिथे तुम्हालाच कामाला लागावं लागतं.

पहिलं काम, गूगल अर्थमध्ये मागच्या तारखांची चित्रं बघणं. घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की जुनी चित्रं उघडतात. जितकं मागे जाता येईल तितकं जा. एका प्लॉटिंगच्या बाबतीत आत्ताच्या चित्रात आखीव रस्ते, गेट, कारंजं. आठ-नऊ वर्षं मागे गेलो तर त्याच जागेतून झाडीची एक गडद, वळणावळणाची पट्टी जात होती. उन्हाळ्यातल्या चित्रात, जेव्हा आजूबाजूचं सगळं पिवळं पडतं, तेव्हा अशी हिरवी पट्टी दिसली तर तिथे जमिनीखाली ओल आहे. पोटखराबा ‘ब’ आठवतोय? तिथे तो होता. सात आर. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, ते पाणी आम्ही पाइपातून वळवलंय.’ पाइप दोन फुटांचा. वर डोंगर.

दुसरं काम, उतार. भूपृष्ठाच्या उंचीची जगभराची आकडेवारी फुकट मिळते; आपल्या इस्रोच्या ‘भुवन’वर कार्टोसॅट उपग्रहाची आहे, नासाची आहे. क्यूजीआयएसमध्ये घातली की समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) निघतात, पाणी कुठून कुठे वाहील तेही निघतं. दिसायला फार देखणं. पण बारीकपणा तपासा. या आकडेवारीचा एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. तुमच्यासारखे चार प्लॉट एका ठिपक्यात मावतात, आणि त्या चौघांना मिळून उंचीचा आकडा एकच! तेव्हा ‘माझा प्लॉट शेजाऱ्यापेक्षा दोन फूट उंच आहे’ असं काही या आकडेवारीतून काढायला जाऊ नका. वरच्या अंगाला किती डोंगर आहे आणि त्याचं पाणी कुठल्या घळीतून खाली येतं, एवढं मात्र ती चांगलं सांगते. नेमक्या चढ-उतारासाठी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून सर्वेक्षण करून घ्या, किंवा निदान पाण्याची नळी आणि दोन काठ्या. गवंडी लोक अजूनही तेच करतात.

नासाची ही मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून अकरा दिवसांत झाली. म्हणजे माहिती जुनी. एरवी हा दोष, पण पुण्याच्या परिघावर तोच गुण ठरतो. २००० नंतर टेकड्या किती फोडल्या, नाले किती बुजवले याची गणती नाही. जेसीबी फिरण्याआधीचा जमिनीचा आकार त्या जुन्या आकड्यांत अजून शाबूत आहे. पाण्याला तोच आकार लक्षात असतो.

तुलनेसाठी सांगतो, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका १० बाय १० मीटरचा. बरोबर एक आर, म्हणजे जवळपास गुंठाभर. दर पाच दिवसांनी नवं चित्र, फुकट. जूनच्या शेवटी किंवा सप्टेंबरात आभाळ उघडलं असेल तेव्हाचं चित्र शोधा. शेतात पाणी साचून राहिलं असेल तर गडद दिसतं. पावसाच्या ऐन दिवसांतली चित्रं ढगांनी भरलेली असतात, त्यात वेळ घालवू नका.

तिसरं काम बिनसंगणकाचं. जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर जा. गेटातून आत जायच्या आधी पुलाखाली बघा, झुडपांना अडकलेला कचरा आणि प्लॅस्टिक किती उंचीवर आहे ते मोजा. मग शेजारच्या वस्तीवर चहा घ्या. ‘इथे पाणी येतं का?’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘नाही’ येतं. ‘मागच्या मोठ्या पावसात म्हशी कुठे बांधल्या होत्या?’ असं विचारा. नदीकाठच्या सोसायटीत फ्लॅट बघत असाल तर वॉचमनला विचारा, खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले की पार्किंगमध्ये पाणी येतं. जुन्या वॉचमनला तो आकडा तोंडपाठ असतो, आणि तो कुठल्याही संकेतस्थळावर नाही.

भाव आणि महारेरा

भावाबद्दल थोडक्यात. जाहिरातींच्या संकेतस्थळांवर दिसतो तो मागितलेला भाव. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर. प्रत्यक्ष व्यवहार कितीला नोंदला गेला, हे नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये शेजारच्या गटांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढून कळतं. रोखीतला भाग त्यात दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही तीन आकडे शेजारी ठेवले की बोलणी करताना पाय जमिनीवर राहतात.

महारेरा, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटिंगच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा प्रकल्प नोंदवावा लागतो, त्यात प्लॉटिंगही आलं. अनेकांना वाटतं की महारेरा फक्त फ्लॅटसाठी असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन करून मंजूर रेखांकन (लेआउट), बोजा आणि चालू खटले हे तिन्ही बघा, आणि रेखांकनावरचा गट नंबर तुमच्या सातबाऱ्याशी ताडून बघा. पण इथली बरीचशी माहिती विकासकाने स्वतः भरलेली असते. नोंदणी आहे म्हणजे प्रकल्प चांगला, असं महारेरा कुठेही म्हणत नाही.

मोजणी

विसार देण्याआधी, निदान खरेदीखताआधी, भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी झालेली असावी आणि ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात असावी. अर्ज आता ऑनलाइन होतो, मोजणीला रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने नेमकी जागा टिपणारं यंत्र) येतो, काम पूर्वीपेक्षा नेमकं होतं. २०१८ साली पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली. पुढे २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी स्वामित्व योजना आली. पण ती गावठाणातल्या घरांसाठी, शेताच्या गटांसाठी नाही. ‘आमच्या गावाची ड्रोनने मोजणी झालीये, परत कशाला?’ असं कुणी म्हणालं तर हा फरक सांगा.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. खुणा ठोकल्या की प्रत्येक खुणेचं विहिरीपासून किंवा विजेच्या खांबापासूनचं अंतर टेपने मोजा, टेप दिसेल असा फोटो घ्या. दगड रात्रीत चालतात.

घेतल्यानंतर: घर कुठे बसवायचं

आता तरी आर्किटेक्ट गाठा. त्याला वरचं सगळं एका फोल्डरमध्ये द्या. बहुतेक ग्राहक नुसता सातबारा आणि पिंटरेस्टवरची चित्रं घेऊन येतात.

सूर्याचा मार्ग दाखवणारी फुकट साधनं आहेत. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेला कलून जेमतेम ४८ अंशांवर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा टाकला की उन्हाळ्याचं ऊन अडतं आणि थंडीतलं आत येतं. पश्चिमेच्या भिंतीला छज्जाचा उपयोग नाही, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं. तिथे झाड, जाळी किंवा संडास-बाथरूम टाका. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, तेव्हा त्या बाजूला मोठी काच मागत असाल तर आर्किटेक्ट नाक मुरडेल. त्याचं ऐका.

पूर्ण रेखांकनच तुमच्या हातात असेल, चार भावांची जमीन असेल, तर रस्ते समोच्च रेषांच्या कलाने न्या. सरळ उतारावर टाकलेला रस्ता पावसात ओढा होतो. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती नेहमी उरलेल्या तिरक्या कोपऱ्यात किंवा विजेच्या तारांखाली सोडलेली दिसते. तीच जागा पाण्याच्या नैसर्गिक वाटेवर सोडली, तर मुलांना खेळायला मैदान मिळतं आणि चार तास पाणीही तिथेच थांबतं. यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त उताराचा नकाशा आधी काढलेला हवा.

आणि शेजार

राहायला गेलात की शहर तुमच्याभोवती वाढायला लागतं. कधीतरी नवी विकासयोजना येते, आणि प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूपावर ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या. एवढ्या ढिगाऱ्यात ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ असं लिहिलेली चिठ्ठी वाचणाऱ्याच्या मनात राहत नाही. गट नंबर, नकाशावर खूण, तारखेसकट फोटो आणि एखादा मोजलेला आकडा असेल तर सुनावणीत त्यावर बोलावंच लागतं.

आकडा मोजणं अवघड नाही. लोकसंख्येसाठी अजूनही २०११ च्या जनगणनेचे आकडे वापरले जातात, आणि शहरात आलेल्या नव्या गावांत तेव्हा उसाचे फड होते. म्हणून स्वतः मोजा. शाळा सुटायच्या वेळी एका कोपऱ्यावर दोघं जण उभे राहा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खेपांत किती मुलं रस्ता ओलांडतात ते लिहा. मंगळवार, गुरुवार आणि एक सुट्टीचा दिवस. पदपथाची चालता येण्याजोगी रुंदी टेपने मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ती किमान १.८ मीटर सांगितली आहे. तुमच्या गल्लीत विजेचे डीपी बॉक्स आणि टपऱ्या वजा करून किती उरते? गल्ली, नाला, बसथांबा हे सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः नोंदवता येतं. तेच पुढे छापून अर्जाला जोडा. मुलांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर फोटोत पुसा.

अर्ज दोन प्रतींत न्या. पानांना क्रमांक घाला, जोडपत्रांची यादी पहिल्या पानावर लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.